हेलियम विजयदुर्गावर सापडला का? लॉकियर साहेबाची खरी गोष्ट

हरिहरेश्वरला गेलं की सनसेटचा एक रील होतोच. पण त्या उन्हात एक गोष्ट असते जी कॅमेऱ्यात येत नाही. तो प्रकाश प्रिझममधून नीट पसरवला, की रंगांच्या पट्टीत मध्येच काळ्या रेघा दिसतात. बहुतेक रेघा सूर्यावरच्या वायूंनी शोषून घेतलेल्या रंगांच्या. तांबड्या भागातल्या काही मात्र आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनच्या. सूर्य खाली टेकला की प्रकाशाला जास्त हवा कापावी लागते आणि या रेघा आणखी गडद होतात.

कुठला रंग गायब आहे ते बघायचं आणि वाटेत कोणता पदार्थ आहे ते ओळखायचं. कोरोनात बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही याच तत्त्वावर चालतो. आता तर असं यंत्र नखाएवढ्या सिलिकॉन चिपवर बसवायचं काम जगभर सुरू आहे.

याच किनाऱ्यावर खाली दक्षिणेला विजयदुर्ग आहे. दर वर्षी १८ ऑगस्टला एक मेसेज फिरतो, की १८६८ साली नॉर्मन लॉकियर या इंग्रजाने विजयदुर्गावरून सूर्यग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला. यातला साहेब खरा, किल्ला खरा आणि हेलियमही खरा. घोळ सालाचा आहे.

त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हताच.

१७ मे १८३६ ला इंग्लंडमधल्या रग्बी गावात जन्मलेला लॉकियर पेशाने कारकून. लंडनच्या वॉर ऑफिसात नोकरी आणि घरी स्वतःची दुर्बीण. विज्ञानाची डिग्री नाही. १८६६ मध्ये त्याने सूर्यावरच्या डागांचा प्रकाश पसरवून बघितला आणि त्याच्या डोक्यात एक प्रश्न आला. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळा बघायला ग्रहणाचीच वाट कशाला बघायची? प्रकाश खूप पसरवला तर आकाशाचा झगमगाट फिका पडेल, पण ज्वाळेचा प्रकाश ठरावीक रंगांतच असल्यामुळे त्या रेघा ठळक राहतील.

आयडिया जबरदस्त होती, पण यंत्र बनवणाऱ्यांनी उशीर केला. (हे दुखणं तेव्हाही होतं.) तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण होऊनही गेलं. आंध्रातल्या गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन आणि जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी ज्वाळांच्या चमकदार रेघा पाहिल्या. जान्सेनने तर दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसताना त्या पुन्हा बघितल्या.

लॉकियरला यंत्र मिळालं ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबरला, इंग्लंडमध्येच, त्यालाही त्या दिसल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली. फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं एक पदक काढलं.

त्यात एक पिवळी रेघ होती. सोडियमच्या दोन रेघांच्या शेजारी, पण त्यांच्या जागेवर नाही. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी ती जुळेना. हे नवं मूलद्रव्य आहे असं लॉकियरचं मत झालं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून नाव पडलं हेलियम. रसायनशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. वस्तू हातात नाही आणि नाव ठेवून मोकळे, असा एकूण प्रकार.

लॉकियर मात्र थांबला नाही. १८६९ मध्ये त्याने 'नेचर' हे साप्ताहिक सुरू केलं आणि पुढची ५० वर्षं त्याचं संपादन केलं. १८७१ चं ग्रहण बघायला तो भारतात, केरळच्या बेकल किल्ल्यावर आला. त्याचे सगळेच अंदाज बरोबर आले असंही नाही. उल्कांच्या टकरींतून तारे बनतात ही त्याची थिअरी साफ पडली. पण हेलियमवर तो बरोबर ठरला. १८९५ मध्ये विल्यम रॅमसे याला युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेघ सापडली. मधे २७ वर्षं गेली होती.

आणि विजयदुर्ग? तिथे लॉकियर आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता आणि आदल्याच वर्षी 'सर' झाला होता. हेलियम प्रयोगशाळेत मिळून तीन वर्षं झाली होती. 'मेलपोमीन' या युद्धनौकेवरच्या खलाशांना त्याने निरीक्षणाचं काम शिकवलं आणि जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारात प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी फोटो घेतले. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली यंत्रं लावून बसले होते. त्यांचं नाव त्या मेसेजमध्ये कधीच नसतं, हे जास्त खटकतं.

किल्ल्यावर जे 'साहेबाचे ओटे' दाखवतात, त्यांची गोष्ट १८९८ शी जुळते, १८६८ शी नाही.

म्हातारपणी लॉकियरची लंडनमधली सौर वेधशाळा केंब्रिजला हलवली गेली. त्याने कडाडून विरोध केला, पण ऐकलं नाही कोणी. मग १९१२ मध्ये त्याने डेव्हन परगण्यात सिडमाउथजवळच्या टेकडीवर नवी वेधशाळा उभी केली आणि तिथेच १६ ऑगस्ट १९२० ला तो वारला. आज चिप बनवताना सिलिकॉनच्या चकत्या थंड ठेवायला हेलियम वायू वापरतात.