हेन्री गार्नेट

हेन्री गार्नेट (जन्म : १५५५, हीनोर, डर्बीशायर, मृत्यू : ३ मे १६०६, लंडन) हे इंग्लंडमधील येशू संघाचे प्रमुख कॅथलिक धर्मगुरू होते. गनपावडर कटात सहभागी असल्याच्या आरोपावरून त्यांना देहान्त शासन झाले. पापनिवेदनात कळलेला गुन्हा धर्मगुरूने उघड करावा की नाही, या वादात त्यांच्या खटल्याचा दाखला वारंवार दिला जातो.

पूर्वायुष्य

गार्नेट यांचे शिक्षण नॉटिंगहॅम व विंचेस्टर येथे झाले. काही काळ त्यांनी लंडनमध्ये रिचर्ड टॉटेल या मुद्रकाकडे काम केले. १५७५ मध्ये रोमला जाऊन त्यांनी येशू संघात प्रवेश घेतला. पुढे गोव्यात येऊन मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हेही त्याच वर्षी रोममध्ये संघात दाखल झाले. एकाच वर्षी व्रत घेतलेल्या या दोन इंग्रज तरुणांच्या वाटा किती भिन्न झाल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१५८६ मध्ये गार्नेट कवी व धर्मगुरू रॉबर्ट साउथवेल यांच्यासह गुप्तपणे मायदेशी परतले. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूचे वास्तव्य हाच राजद्रोह ठरत असे. वेषांतर, टोपणनावे आणि श्रीमंत कॅथलिक कुटुंबांच्या वाड्यांतील चोरकप्पे यांच्या आधारे त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. यांतील अनेक कप्पे निकोलस ओवेन या सुतारकामात निष्णात असलेल्या सहकाऱ्याने बांधले होते.

कटाची माहिती

जून १६०५ मध्ये रॉबर्ट केट्सबी याने गार्नेट यांना एक प्रश्न विचारला : न्याय्य युद्धात शत्रूबरोबर निरपराध माणसे मारली गेली तर ते क्षम्य आहे काय? गार्नेट यांनी तो शास्त्रार्थाचा प्रश्न मानून उत्तर दिले. पुढे त्यांना संशय आला, तेव्हा त्यांनी केट्सबीला हिंसेपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. जुलैत ऑस्वल्ड टेसिमंड या धर्मगुरूने पापनिवेदनाच्या बंधनाखाली त्यांना पार्लमेंट उडवण्याचा बेत सांगितला. टेसिमंडलाही तो केट्सबीकडून पापनिवेदनातच कळला होता.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापनिवेदनाची गुप्तता मोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युती व मठात आजन्म प्रायश्चित्त अशी शिक्षा ठरवली होती. गार्नेट यांनी कोणाचेही नाव न घेता रोमला पत्रे पाठवून, पोपने इंग्लिश कॅथलिकांना बळाचा वापर करण्यास मनाई करावी, अशी विनंती केली. सरकारला मात्र काहीच कळवले नाही. ५ नोव्हेंबर रोजी तळघरात दारूची ३६ पिंपे सापडली.

अटक व खटला

जानेवारी १६०६ मध्ये वुस्टरशायरमधील हिंडलिप येथील वाड्याची झडती अनेक दिवस चालली. गार्नेट व एडवर्ड ओल्डकॉर्न पाय पसरण्याइतकीही जागा नसलेल्या कप्प्यात लपले होते. नळीवाटे मिळणाऱ्या रश्शावर त्यांनी दिवस काढले. २७ जानेवारीला ते बाहेर आले. तुरुंगात दोघांना भिंतीतील फटीतून बोलू दिले गेले आणि लपवलेल्या माणसांनी ते संभाषण टिपून घेतले. गार्नेट यांनी ते आधी नाकारले, नंतर कबूल केले. याने त्यांच्या शब्दाची पत गेली. संदिग्ध वचनाचे समर्थन करणारा ग्रंथ त्यांनीच लिहिलेला होता. धर्मराजाने द्रोणांना सांगितलेले अर्धसत्य ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा युक्तिवाद अपरिचित वाटणार नाही.

२८ मार्च रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये खटला चालला. राजद्रोह ठाऊक असून लपवणे हा त्या काळच्या कायद्यात निराळा व कमी शिक्षेचा अपराध होता. त्यास मृत्युदंड नव्हता. म्हणून सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी गार्नेट प्रत्यक्ष कटकर्ते होते असे मांडले. पंचांनी पंधरा मिनिटांत त्यांना दोषी ठरवले. तरीही त्यांची बाजू पूर्णपणे निर्दोष म्हणता येत नाही. टेसिमंडच्या निवेदनाबाबत त्यांचे हात बांधलेले होते. पण केट्सबीच्या बोलण्यातून आलेला संशय पापनिवेदनातला नव्हता, आणि तो सांगायला हवा होता हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

१६०४ च्या अँग्लिकन चर्चच्या नियमांतही पापनिवेदनाची गुप्तता कायम होती. मात्र जो गुन्हा लपवल्यास धर्मगुरूच्या स्वतःच्या प्राणावर बेतेल, तो त्यातून वगळला होता.

मृत्यू

३ मे १६०६ रोजी सेंट पॉल कॅथीड्रलच्या प्रांगणात त्यांना फाशी देण्यात आले. जिवंतपणी देह चिरला जाऊ नये, म्हणून जमावातील काहींनी त्यांचे पाय ओढले. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधील द्वारपालाच्या बोलण्यात त्यांच्याकडे संकेत असल्याचे अभ्यासक मानतात. साउथवेल व ओवेन यांना १९७० मध्ये संतपद मिळाले. गार्नेट यांना ते मिळालेले नाही.