होमी भाभा आणि टिफ्रॅक: जुना संगणक सुधारावा की नवा घ्यावा?

भोर किंवा वेल्ह्याहून जुना डेस्कटॉप दुरुस्तीसाठी पुण्याला न्यायचा म्हटलं की आधी एकच प्रश्न पडतो: नुसता प्रोसेसर बदलून भागेल का? बरेचदा भागत नाही. जुन्या मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये नव्या पिढीचा प्रोसेसर बसत नाही. मदरबोर्ड बदलला तर रॅमही बदलावी लागू शकते, आणि खर्च नव्या संगणकाच्या आसपास जातो. साठ वर्षांपूर्वी मुंबईत डॉ. होमी भाभा यांच्या संस्थेपुढे असाच पेच होता. तिथला संगणक तर संस्थेने स्वतः बनवलेला होता.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या सधन पारशी कुटुंबात झाला. मुलाने इंजिनिअर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात जावं, या हेतूने घरच्यांनी त्यांना केंब्रिजला पाठवलं. त्यांनी इंजिनिअरिंग पूर्ण केलं, पण मन रमलं भौतिकशास्त्रात. १९३९ साली ते सुट्टीला भारतात आले आणि महायुद्ध सुरू झाल्याने इथेच राहिले. आधी बंगळुरू, मग १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. ती त्याच वर्षी मुंबईत आली.

भौतिकशास्त्राला मोठी आकडेमोड लागते. संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा गट संगणक बांधू लागला. यातल्या कुणालाही संगणक बांधण्याचा अनुभव नव्हता. १९५६ साली प्रायोगिक यंत्र चालू झालं, आणि १९६० साली पूर्ण आकाराचं. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते आणि मेमरी आजच्या हिशेबात जेमतेम १० किलोबाइट. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचं 'टिफ्रॅक' असं नामकरण केलं.

पण नाव मिळालं तोवर यंत्र म्हातारं झालं होतं! जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. व्हॉल्व्ह तापतात, जळतात, वीज खातात. ते काढून ट्रान्झिस्टर बसवावेत, तर त्यांना विजेचा दाब वेगळा लागतो. म्हणजे सगळी मंडलं नव्याने आखायची. सॉकेटचीच अडचण, फक्त खोलीभर आकाराची.

संस्थेने टिफ्रॅकची डागडुजी करत बसण्याऐवजी अमेरिकन कंपनीचा सीडीसी ३६०० घेतला. तो १९६४ साली बसला. देशभरातले शास्त्रज्ञ त्यावर काम करू लागले.

स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या माणसाची संस्था परदेशी यंत्र घेते, हे विसंगत वाटेल. पण भाभांची रीत पाहिली तर तसं नाही. 'अप्सरा' ही अणुभट्टी १९५६ साली तुर्भ्यात भारतीयांनी बांधली, इंधन मात्र ब्रिटनचं होतं. त्याहून मोठी 'सायरस' कॅनडाच्या मदतीने उभी राहिली. शिकण्यासाठी स्वतः बांधायचं आणि काम अडत असेल तर बाहेरून आणायचं, असा तो हिशेब होता. टिफ्रॅकवर हात बसलेल्या लोकांना नव्या यंत्राची भीती वाटली नाही, ही कमाई पैशांत मोजता येत नाही.

सीडीसी ३६०० येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभांचं विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. त्यांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.