कासवांची राणी

पंचतंत्रातला कंबुग्रीव कासव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तळे आटू लागले तेव्हा संकट आणि विकट या हंसांनी चोचीत काठी धरली, कासवाने ती मधोमध तोंडात पकडली आणि तिघे उडाले. खालच्या लोकांचा गलबला ऐकून कासवाने बोलायला तोंड उघडले आणि ते पडले.

हीच गोष्ट मला यंदा लायब्ररीत एका फ्रेंच कवीच्या पुस्तकात सापडली. तिथे हंसांऐवजी बदके आहेत. लोक ओरडतात की ही कासवांची राणी चालली आहे, आणि आपण खरोखरच राणी आहोत हे सांगायला कासव तोंड उघडते. आपला कंबुग्रीव बडबडीने मेला, हे कासव मोठेपणाने मेले. हा बदल करणारा माणूस कोण, म्हणून मी त्यांचे चरित्र वाचले.

जाँ द ला फाँतेन यांचा जन्म १६२१ साली फ्रान्समधील शातो-तिएरी या गावी झाला. वडील वन आणि जल खात्यात अधिकारी होते. पुढे तसेच पद त्यांनाही मिळाले, पण मन कवितेत रमे. त्यांना आश्रय दिला निकोला फुके याने. फुके चौदाव्या लुई राजाचा अर्थमंत्री होता. त्याचे चिन्ह होते खार, उंच उंच चढणारी. १७ ऑगस्ट १६६१ रोजी त्याने आपल्या नव्या महालात राजाला मेजवानी दिली. राजाला त्याचा संशय आधीपासूनच होता, त्यात हा थाट डोळ्यांत भरला. तीन आठवड्यांच्या आत फुकेला अटक झाली. अटक करणारा अधिकारी होता दार्तान्याँ, ज्याच्या नावाचा नायक आपण ‘थ्री मस्केटिअर्स’मध्ये वाचतो. फुके पुन्हा सुटला नाही. १६८० साली तो कैदेतच वारला.

ला फाँतेन यांनी मात्र पडलेल्या आश्रयदात्याला सोडले नाही. त्याला दया दाखवावी म्हणून त्यांनी कविता लिहिली. राजाची मर्जी त्यांच्यावर बसली नाही. १६८३ साली फ्रेंच अकादमीने त्यांची निवड केली, तेव्हाही राजाने मंजुरी पुढच्या वर्षापर्यंत अडवून ठेवली.

१६६८ साली त्यांच्या प्राणिकथांचा पहिला संग्रह आला. तो त्यांनी राजाच्या सहा वर्षांच्या मुलाला अर्पण केला. त्यात बैलाएवढे होण्यासाठी फुगून फुटणारी बेडकी आहे. दोन खेचरेही आहेत. एकावर ओट धान्य, दुसऱ्यावर सरकारी कराचा पैसा. पैसेवाले खेचर गळ्यातली घंटा वाजवत ऐटीत चालते आणि लुटारू नेमके त्यालाच गाठतात. हे वाचताना मला फुके आठवला. १६७८ सालच्या दुसऱ्या संग्रहात त्यांनी पिलपे नावाच्या भारतीय ज्ञानी पुरुषाचे ऋण मान्य केले. आपले पंचतंत्र अरबी आणि फारसीतून प्रवास करत याच नावाने युरोपात पोहोचले होते. स्वतःच्या यशाच्या काळात उसनवारी उघडपणे सांगणे, हाही गर्व नसल्याचाच पुरावा. १६९५ साली पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

मला या चरित्राची गरज होती. मागच्या टर्ममध्ये मला ज्युनिअर स्क्वॉडची कमांड मिळाली. पहिल्याच आठवड्यात माझा आवाज आणि चाल दोन्ही बदलली. रिहर्सलला मी ‘थम’चा हुकूम चुकीच्या पायावर दिला, स्क्वॉड विस्कटला आणि ओरडलो मात्र मी मुलांवर. चूक कोणाची हे त्यांना कळले होते, पण कोणी बोलले नाही. बेडकीची गोष्ट वाचताना मला आधी दुसरेच दोन-तीन चेहरे आठवले. स्वतःचा चेहरा सगळ्यात शेवटी आठवला, आणि तेव्हा मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी फॉल-इनला मी स्क्वॉडसमोर सांगितले की हुकूम माझा चुकला होता. तोंड उघडायचेच असेल तर एवढ्यासाठी उघडावे.