पॉल लाझार्सफेल्ड

पॉल फेलिक्स लाझार्सफेल्ड (१३ फेब्रुवारी, १९०१:व्हिएन्ना - ३० ऑगस्ट, १९७६:न्यू यॉर्क) हे ऑस्ट्रियात जन्मलेले अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. तरुणपणी समाजवादी चळवळीत वावरलेल्या लाझार्सफेल्ड यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. १९३३ मध्ये ते अमेरिकेत गेले व पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी ओहायो राज्यातील ईरी काउंटीत ६०० मतदारांच्या मे ते नोव्हेंबर दरम्यान वारंवार मुलाखती घेतल्या. सधन, प्रोटेस्टंट व ग्रामीण मतदारांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे, तर गरीब, कॅथलिक व शहरी मतदारांचा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आढळला. प्रचाराने मत बदलण्यापेक्षा मूळ कलच दृढ होतो, हा निष्कर्ष त्यांनी सहकाऱ्यांसह १९४४ च्या 'द पीपल्स चॉइस' या ग्रंथात मांडला. मतदार सर्वस्वी स्वतंत्रपणे निर्णय घेतो, या रूढ गृहीतकाला त्यामुळे धक्का बसला.