मुंबईचा पट्टेदार वैद्य

बँकेत असताना माझ्या टेबलावरून घरकर्जाची जी प्रकरणे गेली, त्यांतली बहुतेक उपनगरांतली. मुलुंडची सोसायटी, घाटकोपरची जुनी चाळ पाडून उठलेली इमारत, अंधेरीच्या नाहीतर बोरिवलीच्या गावठाणातली वाडी. प्रत्येक प्रकरणाला वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट जोडलेला असे. जमीन कोणाची, त्याआधी कोणाची, त्याच्याही आधी कोणाची, असे मागे मागे जायचे आणि तिसाव्या वर्षी थांबायचे. त्यापलीकडच्या मालकांशी बँकेला कर्तव्य नसते.

निवृत्तीनंतर मात्र मला एक चाळा लागला. खुद्द मुंबईचाच सर्च रिपोर्ट काढला तर? तीस नव्हे, चांगला पाचशे वर्षांचा! त्या साखळीत मागे जाता जाता एका वैद्याचे नाव भेटले आणि मी तिथेच थबकलो. गार्सिया द ओर्ता. वनस्पतिशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या इतिहासात मोठे नाव. पण माझ्यातल्या बँकवाल्याला त्याची ओळख पटली ती अशी, की परदेशातून येऊन मुंबईत जमिनीत पैसा घालणारा हा अगदी पहिल्या काही माणसांपैकी एक.

ही हकीकत मी पहिल्यांदा सांगितली ती २०२१ साली, आमच्याच इमारतीतल्या एका घरी. घरातला कर्ता पुरुष पंचेचाळिशीचा, मला काका म्हणणारा. लिस्बन शहरात फ्लॅट घ्यायचा आणि तो पर्यटकांना भाड्याने द्यायचा, असे त्याच्या डोक्यात होते. घर घेणाऱ्या परक्या माणसाला पोर्तुगाल २०१२ पासून राहण्याचा परवानाही देत होता. पैसे कमी पडत होते म्हणून मुलुंडचा राहता फ्लॅट तारण ठेवायचा विचार होता. कागद पाहायला मला बोलावले होते. फ्लॅट नवराबायकोच्या नावे होता. ती चहा देऊन समोर बसली होती आणि एक शब्द बोलत नव्हती.

मी म्हटले, कागद नंतर पाहू. तुम्ही इथून लिस्बनला निघालात, पावणेपाचशे वर्षांपूर्वी एकजण लिस्बनहून इकडे आला होता. त्याचे काय झाले ते आधी ऐका.

गार्सियाचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना धर्म बदला नाहीतर देश सोडा असे फर्मावले, तेव्हा हे कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालात आले. पाचच वर्षांत तिथेही सक्तीचे धर्मांतर झाले. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. चारचौघांत चर्चमध्ये जायचे आणि घरात कोण काय खाते, शनिवारी कोण चूल पेटवत नाही, यावर शेजाऱ्यांचे डोळे. सरहद्दीजवळच्या कास्तेलो द व्हीद या गावात, १५०१च्या सुमारास, अशा घरात हा मुलगा जन्मला. सालामांका आणि अल्काला या स्पेनमधल्या विद्यापीठांत तो वैद्यक शिकला आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला.

चांगली नोकरी होती, मान होता. तरीही १५३४च्या मार्चमध्ये मार्तिम अफोंसो द सूझा या सरदाराचा वैद्य म्हणून तो जहाजात चढला आणि सप्टेंबरात गोव्यात उतरला. पुढे दोनच वर्षांनी, १५३६ साली, पोर्तुगालात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मभ्रष्टांना शोधून शिक्षा करणारे न्यायपीठ सुरू झाले. ज्या घराने दोनदा सगळे गमावलेले असते, त्या घरातल्या माणसाला वादळाची चाहूल लवकर लागत असावी.

गोव्यात त्याचा उत्तम जम बसला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह तर त्याचा स्नेहीच. त्याच्यावर उपचार करायला तो घाटावर जाई आणि तिथल्या हकिमांशी चर्चा करी. जोडीला औषधी द्रव्यांचा आणि रत्नांचा व्यापार होता. पैसा आला, की माणूस जमिनीकडे वळतो. १५५४च्या सुमारास मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले.

त्या वेळची मुंबई म्हणजे कोळ्यांच्या वस्त्या, भंडाऱ्यांच्या माडी काढायच्या वाड्या, भातखाचरे आणि खाजण. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसईचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, त्यात मुंबईही गेली आणि आपली साष्टीही. आज जिथे आपण लोकलला लोंबकळतो ती अंधेरी, बोरिवली, मुलुंड सगळी त्या साष्टीत. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर १५४४च्या सुमारास चर्च उभे राहिले, तो हाच काळ. जमीन राजाची. पट्टेदाराने दरसाल ठरलेला खंड भरायचा. या खंडाला ते ‘फोरो’ म्हणत. मुंबईतल्या फोरास रोडच्या नावात तो शब्द शिल्लक राहिला.

गार्सिया इथे फारसा राहत नसे. त्याचे बिऱ्हाड गोव्यात. मुंबईचा कारभार सिमाँव तोश्कानु नावाचा त्याचा कूळ पाही आणि गोव्याला आंबे धाडी. या वाडीतल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ धरे, एकदा मे महिन्यात आणि एकदा नाताळाच्या आसपास. मालकाला त्याचे कोण कौतुक! ते त्याने आपल्या पुस्तकात नोंदवून ठेवले आहे.

ते पुस्तक १५६३ साली गोव्यात छापले गेले. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचे संवाद, असे त्याचे स्वरूप. वेलदोडा, हिंग, धोत्रा, भांग, फणस, कोकम असे एकेक द्रव्य घेऊन गार्सिया आणि एक काल्पनिक पाहुणा गप्पा मारतात. युरोपातले पंडित जुन्या ग्रीक ग्रंथांवर विसंबून होते. हा गृहस्थ मात्र स्वतः पाहिलेले आणि इथल्या वैद्य-हकिमांकडून ऐकलेले सांगत होता. कॉलऱ्याचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकातले पहिले मानतात. त्या रोगाचे इथले नावही त्याने दिले आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी. चारच वर्षांत पुस्तकाचा लॅटिन संक्षेप निघाला आणि गार्सिया युरोपभर पोचला.

म्हणजे बघा, वैद्यकी तेजीत, व्यापार तेजीत, मुंबईसारखे बेट पट्ट्याने, राजदरबारी वजन. कोणताही बँक मॅनेजर उठून खुर्ची देईल असे प्रकरण. पण इथे मला थांबावे लागले. कारण घराच्या आत काय चालले होते, ते कुठल्याच सर्च रिपोर्टात येत नाही.

त्याच्या दोन बहिणींना १५४७ साली लिस्बनच्या इन्क्विझिशनने कैद केले होते. सुटका झाल्यावर त्या आणि म्हातारी आई गार्सियाकडे गोव्याला आल्या. समुद्र ओलांडला की सुटलो, असे वाटले असेल. पण १५६० साली ते न्यायपीठ गोव्यातही येऊन बसले. गार्सियाला हयातीत कोणी हात लावला नाही. वजनदार रोग्यांची पुण्याई! १५६८ साली तो गेला आणि जणू छत्रच उडाले. पुढच्याच वर्षी, १५६९च्या ऑक्टोबरात, त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. घरातली माणसे पकडली गेली, जबान्या झाल्या, आणि गार्सिया मनाने अखेरपर्यंत ज्यूच होता असे ठरले. १५८० साली त्याची कबर उकरून त्याची हाडे जाळण्यात आली.

मुंबईचा पट्टा, जहाज, ग्रंथ, व्हाइसरॉयची ओळख, यांतले काहीही कातारिनाच्या कामी आले नाही.

साखळी पुढे चालू राहिली. बेटाचा वाडा पुढे दोना इनेस द मिरांदा या बाईंकडे आला. १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि १६६५च्या फेब्रुवारीत या बाईंच्याच वाड्यात हस्तांतराचे कागद झाले. १६६८ साली राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. तो वाडा गार्सियाचाच, असे मानतात. एशियाटिक लायब्ररीच्या मागच्या बाजूला, आज नौदलाच्या आवारात, ती जागा येते. आपली उपनगरे मात्र त्या आंदणात नव्हती. ती पोर्तुगिजांकडे राहिली आणि १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतली.

पोर्तुगालला नंतर उपरती झाली. १९७१च्या वीस एस्कुडोंच्या नोटेवर गार्सियाचा चेहरा आला. पुढे नाण्यावरही आला. लिस्बनजवळच्या एका मोठ्या इस्पितळाला त्याचे नाव दिले. २०१५ पासून, हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देण्याचीही सोय झाली. हाडे जाळली त्याचेच चित्र नोटेवर! आयुष्यभर नोटा मोजल्या, पण असा हिशेब पाहिला नव्हता.

एवढे सांगून मी चहा संपवला. शेजारी म्हणाला, काका, तेव्हाचे दिवस वेगळे. खरे होते. आज कोणी कोणाला जाळणार नव्हते, आणि परदेशात घर घेण्यात गैरही काही नाही. आपल्याकडे परदेशी नागरिकाला घर घेण्यावर बरीच बंधने आहेत, पोर्तुगालने दार उघडे ठेवले होते, तर आत जावे. फक्त दार उघडणारा तेच दार कधी लावील, हे घेणाऱ्याच्या हातात नसते, एवढेच मला सांगायचे होते. आणि तारण ठेवायचे ते घर घरातल्या सगळ्यांचे असते.

मग मी कागद पाहिले. टायटल स्वच्छ होते. तारणाच्या अर्जावर दोघांच्या सह्या लागतील, असे मी म्हटले. त्याने केली. तिने पेन उचलले, खाली ठेवले आणि कपबश्या गोळा करून आत गेली.

तिची सही झालीच नाही. घरात काही दिवस धुसफूस होती, असे ऐकले. २०२३ साली पोर्तुगालने घर घेऊन परवाना मिळवण्याची वाट बंद केली. त्या सुमारास तो मला लिफ्टमध्ये भेटला. त्यावर तो काही बोलला नाही, मीही काढले नाही. हातात आंब्याची पेटी होती. म्हणाला, काका, संध्याकाळी घरी या, तिने बोलावले आहे.