धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (जन्म : नाशिक, १० एप्रिल १९०१, मृत्यू : ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि भारताच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीच्या पायाभरणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि वैकुंठभाई मेहता यांच्या बरोबरीने त्यांचे नाव घेतले जाते. राज्यांना मिळणाऱ्या केंद्रीय योजना-साहाय्याच्या वाटपाचे 'गाडगीळ सूत्र' त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ग्रामीण अर्थव्यवस्थेची प्रत्यक्ष पाहणी करणे, पाहणीतून धोरण सुचवणे आणि ते धोरण राबवणाऱ्या संस्था उभ्या करणे ही तिन्ही कामे त्यांनी आयुष्यभर एकत्र केली.

शिक्षण आणि सुरुवातीची वर्षे

गाडगीळांचे बालपण व शालेय शिक्षण नागपुरात झाले. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी लिहिलेला प्रबंध 'दि इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स' या नावाने १९२४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतीय अर्थव्यवस्थेत झालेल्या स्थित्यंतराचा हा अभ्यास आहे. हस्तव्यवसायांचा ऱ्हास, रेल्वेचा प्रसार, शेतमालाचे बाजाराभिमुख होणे, दुष्काळ आणि आधुनिक कारखान्यांची संथ वाढ या घटकांचा परस्परसंबंध त्यात उलगडून दाखवला आहे. उद्योगांच्या इतिहासावरील या ग्रंथात शेती आणि खेड्यांना मोठे स्थान आहे. ग्रंथाच्या अनेक सुधारित आवृत्त्या निघाल्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी तो अभ्यासला.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई सरकारच्या अर्थखात्यात अल्पकाळ नोकरी केली. १९२५ ते १९३० या काळात ते सुरत येथील एम.टी.बी. महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

गोखले संस्था

साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे हे गाडगीळांचे सासरे होते. त्यांनी दिलेल्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेची स्थापना झाली. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या विश्वस्ततेखाली ही संस्था चालू झाली. संचालकपदाची जबाबदारी गाडगीळांकडे आली, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. पुढे १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, ते या पदावर राहिले.

त्या काळी महाविद्यालयांतील अर्थशास्त्राचे अध्यापन प्रामुख्याने इंग्रजी पाठ्यपुस्तकांवर आधारलेले होते. भारतीय शेतकऱ्याचा खर्च, कर्ज, उत्पन्न किंवा बाजार यांविषयी विश्वासार्ह माहिती फार थोडी होती. ही उणीव भरून काढण्यासाठी गाडगीळांनी संस्थेत क्षेत्रपाहणीची पद्धत रुजवली. आखून घेतलेल्या प्रश्नावल्या घेऊन अन्वेषक गावोगाव जात, कुटुंबवार माहिती गोळा करीत आणि तिची तपासणी व सारणी करून अहवाल तयार होई. पुण्यातील फळांचा बाजार, मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटार वाहतूक, वाई तालुक्यातील शेतीव्यवसाय (१९४०), पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हे या काळातील उल्लेखनीय अभ्यास होत. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. पाटबंधाऱ्याचे मोल केवळ सरकारला मिळणाऱ्या पाणीपट्टीवरून न ठरवता शेतकरी, मजूर, व्यापार आणि परिसर यांवर झालेल्या परिणामांवरून ठरवण्याचा हा भारतातील आरंभीचा प्रयत्न होता.

काळे यांच्या स्मरणार्थ संस्थेने व्याख्यानमाला सुरू केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संघराज्याच्या प्रश्नावरील आपले प्रसिद्ध व्याख्यान १९३९ मध्ये याच मालेत दिले. १९५९ पासून संस्थेचे 'अर्थविज्ञान' हे नियतकालिक निघू लागले. गाडगीळांच्या कारकिर्दीत संस्थेत आलेले वि. म. दांडेकर हे त्यांच्यानंतर संचालक झाले. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरील १९७१ चा गाजलेला अभ्यासही याच संस्थेत घडला.

शेतीचा पतपुरवठा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युद्धोत्तर पुनर्रचनेची तयारी सुरू झाली, तेव्हा शेतीच्या अर्थपुरवठ्याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या उपसमितीचे अध्यक्षपद गाडगीळांकडे देण्यात आले. १९४५ मध्ये सादर झालेल्या अहवालात दोन गोष्टींवर भर होता. शेतकऱ्यांची जुनी कर्जे त्यांच्या परतफेडीच्या कुवतीशी मिळतीजुळती करून घेणे ही पहिली, आणि जेथे सहकारी संस्था पुरेशा सबळ नाहीत तेथे प्रांतवार शेती पतमहामंडळे स्थापन करणे ही दुसरी. कर्जफेडीची कुवतच नसलेल्या शेतकऱ्याला केवळ नवे कर्ज देऊन प्रश्न सुटत नाही, हा विचार त्यामागे होता.

प्रवरानगरचा साखर कारखाना

अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यात गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे उसाची बागायत वाढली होती. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाल्यावर या भागात खाजगी साखर कारखान्यांचा विस्तार झाला. परंतु त्या कारखान्यांच्या कारभारात ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला स्थान नव्हते. बहुतेक बागायतदार गूळ करीत आणि गुळाचे भाव कोसळले की कर्जात बुडत.

१९४५ मध्ये बेलापूर रोड (श्रीरामपूर) येथे दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली भरली. शेतकऱ्यांनी आपल्याच मालकीचा कारखाना सहकारी तत्त्वावर काढावा, या विचाराला तेथे चालना मिळाली. लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले. मुंबई राज्याचे तत्कालीन मंत्री वैकुंठभाई मेहता यांनी सरकारचा पाठिंबा मिळवून दिला. कारखान्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. विखे पाटील उपाध्यक्ष झाले. १९५० च्या अखेरीस लोणीजवळच्या माळावर, पुढे प्रवरानगर म्हणून ओळखल्या गेलेल्या ठिकाणी, पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

या कामाची वाटणी दोघांच्या स्वभावाला आणि शक्तीला साजेशी होती. शेतकऱ्यांचा विश्वास ही विखे पाटलांची पुंजी होती. वित्तसंस्था, सरकारी खाती आणि यंत्रसामग्रीचे पुरवठादार यांच्याशी बोलणी करणे, हिशेबाची शिस्त लावणे आणि संस्थेचे नियम घडवणे यांत गाडगीळांचा अनुभव उपयोगी पडला. सभासदाला एकच मत, सभासदाने आपला ऊस कारखान्याला घालण्याचे बंधन आणि नफ्याऐवजी उसाच्या भावातून मिळणारा लाभ, अशी या कारखान्याची रचना होती. पहिले दशकभर अध्यक्षपद सांभाळल्यावर गाडगीळ त्यातून बाजूला झाले. १९६१ मध्ये पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी प्रवरानगरला भेट दिली. तोपर्यंत महाराष्ट्राच्या बागायती भागांत या धर्तीवर अनेक कारखाने उभे राहिले होते.

ग्रामीण पतपाहणी

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. तिच्या संचालन समितीत अ. द. गोरवाला अध्यक्ष होते आणि गाडगीळ, बी. वेंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे सदस्य होते. ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांची पाहणी करण्यात आली. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातून दिसले, की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे ३ टक्के होता, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के. पन्नास वर्षांच्या सहकारी चळवळीनंतरची ही स्थिती होती.

या अपयशाचे कारण समितीने केवळ व्यवस्थापनातील दोषांत शोधले नाही. गावातील सावकार, व्यापारी आणि मोठा जमीनदार यांच्या आर्थिक बळापुढे दुर्बळांची लहानशी पतसंस्था टिकू शकत नाही, असे तिचे निदान होते. म्हणून सरकारने सहकारी संस्थांत भागीदार व्हावे, कर्ज, खरेदी-विक्री, प्रक्रिया आणि गोदामे यांची साखळी जोडावी आणि प्राथमिक संस्था आर्थिकदृष्ट्या पायावर उभी राहील इतकी मोठी असावी, असे समितीने सुचवले. इंपीरियल बँकेचे रूपांतर होऊन १९५५ मध्ये स्थापन झालेली भारतीय स्टेट बँक आणि पुढील काळात उभी राहिलेली गोदाम महामंडळे यांचे मूळ या शिफारशींत आहे.

या शिफारशींवर मतभेदही झाले. सरकारी भागीदारीमुळे सहकाराचा स्वयंसेवी पाया ढासळेल, अशी भीती अनेक जुन्या सहकारी कार्यकर्त्यांना वाटत होती. १९५८ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेने गाव हाच सहकारी संस्थेचा प्राथमिक घटक मानण्याचा ठराव करून धोरणाची दिशा बदलली. गाडगीळांचा आग्रह मात्र आर्थिकदृष्ट्या सक्षम संस्थांवरच कायम राहिला. खाजगी भांडवलशाही आणि केंद्रीभूत सरकारी मालकी यांहून वेगळ्या अशा सहकारी समाजव्यवस्थेची मांडणी त्यांनी 'टूवर्ड्‌स अ को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ' (१९६१) या पुस्तकात केली.

संयुक्त महाराष्ट्र

संयुक्त महाराष्ट्र परिषदेच्या कार्यात गाडगीळांचा सहभाग होता. भाषिक राज्याच्या मागणीला त्यांनी आर्थिक युक्तिवादाची जोड दिली. मुंबई शहर आणि त्याच्या पाठीमागचा मराठी मुलूख यांचे आर्थिक संबंध अतूट आहेत, ही त्यांच्या मांडणीची मुख्य भूमिका होती. संघराज्याची रचना हा त्यांच्या चिंतनाचा जुना विषय होता. 'दि फेडरल प्रॉब्लेम इन इंडिया' हे त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

नियोजन आयोग आणि गाडगीळ सूत्र

गोखले संस्थेतून निवृत्त झाल्यावर गाडगीळ १९६६ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्याच वर्षी राज्यसभेवर त्यांची राष्ट्रपतिनियुक्त सदस्य म्हणून नेमणूक झाली. सप्टेंबर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष बनले. दुष्काळ, परकीय चलनाची टंचाई आणि रुपयाचे अवमूल्यन यांमुळे पंचवार्षिक योजना थांबून वार्षिक योजना चालू होत्या, असा तो काळ होता. चौथी पंचवार्षिक योजना (१९६९-७४) त्यांच्या देखरेखीखाली तयार झाली.

त्याआधी केंद्राकडून राज्यांना मिळणारे साहाय्य योजनेगणिक ठरत असे आणि त्यातील अनुदान व कर्जाचे प्रमाणही प्रत्येक योजनेत वेगळे असे. त्यामुळे वाटपात केंद्राच्या मर्जीला वाव राही. १९६९ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार आसाम, जम्मू-काश्मीर आणि नागालँड या राज्यांची गरज प्रथम भागवून उरलेली रक्कम अन्य राज्यांत पुढील निकषांवर वाटली जाऊ लागली : लोकसंख्या ६० टक्के, राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न १० टक्के, करवसुलीतील प्रयत्न १० टक्के, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प १० टक्के, राज्यांचे विशेष प्रश्न १० टक्के. या साहाय्यात ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज असे प्रमाण ठरले. १९८० आणि १९९१ मध्ये निकषांत बदल झाले, तरी सूत्राला गाडगीळांचे नाव कायम राहिले.

राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या अभ्यासगटाचेही ते अध्यक्ष होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतर तीन महिन्यांनी, या गटाने क्षेत्रनिहाय बँकसेवेची कल्पना मांडली. एकेका जिल्ह्याच्या विकासाची आघाडीची जबाबदारी एकेका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना त्यातूनच पुढे आली. जिल्हा हा नियोजनाचा मूलभूत घटक असावा, हे मत त्यांनी 'डिस्ट्रिक्ट डेव्हलपमेंट प्लॅनिंग' या व्याख्यानातही मांडले होते.

निधन

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीनंतर गाडगीळांनी नियोजन आयोगाचे उपाध्यक्षपद सोडले. दिल्लीहून पुण्याकडे परतीच्या प्रवासात ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. अर्थशास्त्रज्ञ सुलभा ब्रह्मे या त्यांच्या कन्या आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे पुत्र होत. भारतीय टपाल खात्याने २००८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मूल्यमापन

गाडगीळांनी उभारणीस हातभार लावलेल्या सहकारी साखर कारखानदारीने पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती पट्ट्याचे रूप पालटले. कारखान्यांभोवती रस्ते, शाळा, महाविद्यालये आणि दवाखाने उभे राहिले आणि ग्रामीण नेतृत्वाची नवी पिढी घडली. त्याचबरोबर या वाढीच्या मर्यादाही पुढे अभ्यासकांनी दाखवून दिल्या आहेत. पाणी असलेल्या जमीनधारकांना तिचा लाभ अधिक मिळाला. जिरायत शेतकरी, भूमिहीन आणि ऊसतोडणी कामगार सभासदत्वाच्या बाहेरच राहिले. उसाने उपलब्ध पाण्याचा मोठा हिस्सा घेतला. आणि अनेक संस्थांचा कारभार राजकीय घराण्यांच्या हाती एकवटला. बलिष्ठांच्या हाती गेलेली गावची संस्था दुर्बळांच्या उपयोगी पडत नाही, हे पतपाहणीच्या समितीने सावकारीविषयी केलेले निदान, असे पुढे सहकारालाही लागू पडले.

नियोजन आयोग २०१४ नंतर संपुष्टात आला आणि गाडगीळ सूत्राने होणारे वाटपही थांबले. मात्र केंद्र आणि राज्ये यांच्यातील निधीवाटप जाहीर निकषांवर व्हावे की केंद्राच्या निर्णयावर, हा त्या सूत्रामागील प्रश्न आजही चर्चेत आहे.

प्रमुख ग्रंथ

दि इंडस्ट्रियल इव्होल्यूशन ऑफ इंडिया इन रिसेंट टाइम्स (१९२४)
दि फेडरल प्रॉब्लेम इन इंडिया (१९४७)
इकॉनॉमिक पॉलिसी अँड डेव्हलपमेंट (१९५५)
ओरिजिन्स ऑफ द मॉडर्न इंडियन बिझनेस क्लास (१९५९)
प्लॅनिंग अँड इकॉनॉमिक पॉलिसी इन इंडिया (१९६१)
टूवर्ड्‌स अ को-ऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ (१९६१)
विमेन इन द वर्किंग फोर्स इन इंडिया (१९६५)