संत गोन्सालो गार्सिया : परक्या घरची आठ वर्षे



संत गोन्सालो गार्सिया म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे क्रूस आणि भाले येतात. त्यांच्या हौतात्म्यावर आपण अनेक प्रवचने ऐकली आहेत. या रविवारी मी त्या क्रूसाच्या अगोदरच्या काळाविषयी लिहिणार आहे. आपल्या धर्मग्रामातही काही तरुण-तरुणी रविवारी मिस्सेनंतर मुलांना धर्मशिक्षण देतात. गोन्सालो हे मुळात त्यांच्याच जातकुळीचे. फरक एवढाच की त्यांचा वर्ग जपानात भरत असे, आणि त्यांच्या अंगावर कोणत्याही संघाचा झगा नव्हता.

त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईला झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई १५३४ पासून पोर्तुगिजांच्या ताब्यात होती आणि किल्ल्यात येशूसंघीयांची शाळा होती. त्या शाळेत फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचे या मुलाकडे लक्ष गेले. १५७२ च्या सुमारास फादर जपानच्या मिशनला निघाले, तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या गोन्सालोला त्यांनी बरोबर घेतले. आज आपण या वयाच्या मुलाला एकट्याने मुंबईला पाठवताना चार वेळा विचार करतो.

वसईहून गोव्याकडे जाणारी गलबते किनाऱ्याच्या आधाराने जात. त्यामुळे हा प्रवास आपल्या दारावरूनच होत असे. चौलचा वेढा उठून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. जंजिरा अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता. आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट पाहत आपण उभे असतो, तेव्हा खाडीच्या मुखाबाहेर जो समुद्र दिसतो तोच हा मार्ग. पुढे गोवा, मलाक्का, मकाव आणि मग जपान. वाटेत मकावला वाऱ्याची वाट पाहत महिनोन्‌महिने मुक्काम पडे. ज्या नागासाकी बंदरात पोर्तुगीज जहाजे लागत, ते बंदर त्यांना १५७१ मध्येच खुले झाले होते. गोन्सालो पोहोचला तेव्हा तिथे सगळेच नवीन होते.

परमुलखात शिकवायला गेलेल्या माणसाला आधी विद्यार्थी व्हावे लागते. जपानच्या मिशनला हा धडा महागात पडला होता. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये तिथे उतरले. परमेश्वरासाठी जपानी शब्द कोणता, असे त्यांनी आपल्या दुभाष्याला विचारले. दुभाष्याने जो शब्द दिला तो एका बौद्ध दैवताचे नाव निघाला. झेवियर गावोगाव त्याच नावाने उपदेश करीत होते आणि लोक हा आपल्याच धर्माचा नवा पंथ समजून मान डोलवत होते. चूक कळल्यावर त्यांनी सरळ लॅटिनमधला देऊस हा शब्द घेतला. एवढ्या मोठ्या संताचीही भाषेने अशी गाठ घातली!

गोन्सालोला जपानी लवकर आली, असे सगळे चरित्रकार सांगतात. का आली, याविषयी माझा एक तर्क आहे. जपानी भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि विभक्तीचे प्रत्यय आपल्यासारखेच नामाच्या मागे लागतात. युरोपातून आलेल्या फादरांना प्रत्येक वाक्य डोक्यात उलटे करून मग बोलावे लागत असणार. ज्याच्या आईची बोली वसईकडची, त्याच्या जिभेला ही घडण ओळखीची असणार. धाकट्याशी, बरोबरीच्याशी आणि थोरांशी निराळे बोलायचे, हेही आपल्याला बालपणीच शिकवले जाते. जपानीत तर त्याच्या कितीतरी पायऱ्या आहेत. दाराशी पायताण काढायचे, जमिनीवर बसायचे, ताटात भात आणि मासळी. वसईच्या पोराला यात अवघड ते काय? अवघड होती ती थंडी, आणि काठ्यांनी जेवणे.

मिशनमधल्या सर्वच मंडळींना मात्र हे सोपे नव्हते. त्या वर्षांत तिथले वरिष्ठ फादर कब्राल यांना जपानी रीतिभाती फारशा रुचत नसत. गोमांस खाण्यासारख्या परदेशी सवयींची जपानी लोकांना किळस येई. १५७९ मध्ये फादर व्हालिन्यानो पाहणीसाठी आले आणि त्यांनी हे चित्र बदलायला घेतले. फादरांनी भाषेचा रीतसर अभ्यास करावा, घर जपानी पद्धतीने स्वच्छ ठेवावे, जेवणही तिथल्या रीतीचे असावे, असे त्यांनी ठरवून दिले. हे नियम लिहिले जाण्याआधीच गोन्सालोने सात-आठ वर्षे त्या भाषेत घालवली होती.

या काळात त्याचे काम धर्मशिक्षकाचे. १५८२ च्या सुमारास जपानात सुमारे दीड लाख ख्रिस्ती होते आणि येशूसंघीय शंभराच्या आत. त्यांतल्या कित्येकांना प्रवचन देण्याइतकी भाषा येत नव्हती. म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याचा मोठा भार धर्मशिक्षकांवर होता. लहान मुलांना प्रार्थना पाठ करून घेणे, स्नानसंस्काराची तयारी करून घेणे, फादर बोलतील ते लोकांना समजेल असे सांगणे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार माझ्या मनात राहून गेला आहे : शिकवण्याची क्रिया घडते ती शिकवणाऱ्यामध्ये नव्हे, शिकणाऱ्यामध्ये. तसे पाहिले तर त्या मिशनचे काम या बिनपदवीच्या माणसांमध्येच घडत होते.

आणि तरीही गोन्सालोला त्या घरात जागा मिळाली नाही. येशूसंघात घ्यावे, ही त्याची मोठी इच्छा होती. ती पुरी झाली नाही. त्या काळी पूर्वेकडे मिश्र रक्ताच्या मुलांना संघांची दारे बहुधा बंदच असत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. आठ वर्षे एका छपराखाली राहायचे, त्यांच्याच पंगतीत बसायचे, त्यांचे शब्द लोकांपर्यंत पोहोचवायचे, पण घरचे म्हणून कोणी म्हणायचे नाही. आपल्याकडची मुले आखातात वर्षानुवर्षे राबतात, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

गोन्सालोने जपान सोडले आणि व्यापार धरला. संतचरित्रे हा भाग दोन ओळींत उरकतात. नायक थोडा घसरला असे त्यांना वाटत असावे. मला तसे वाटत नाही. पंचविशीतला तरुण, पदरी भाषा आणि ओळखी. व्यापारात त्याचा जम बसला, पूर्वेकडच्या बंदरांतून त्याचे येणेजाणे सुरू झाले. मन मात्र बसले नाही. व्यापाराच्या निमित्ताने मनिलाला गेले असता फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर हुआन पोब्रे यांच्याशी त्यांची गाठ पडली. आडनावाचाच अर्थ गरीब! गोन्सालो यांनी धंदा आवरला आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश केला. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत.

आता ती जुनी भाषा उपयोगी पडली. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने फिलिपाइन्सने आपले वर्चस्व मान्य करावे अशी मागणी केली होती. मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना बोलणी करण्यासाठी पाठवले. त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो गेले. ज्या राज्यात ते एके काळी मुलांना प्रार्थना शिकवत, तिथल्या सर्वांत बलाढ्य माणसासमोर आता ते जाड्याभरड्या झग्यात उभे होते. एका बाजूला हुकमत गाजवणारा, दुसऱ्या बाजूला नमते न घेणारे, आणि मध्ये हा दुभाषी. एक क्रियापद चुकले तरी जीव जाण्याची वेळ. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना राहू दिले. क्योतोला जागा मिळाली. तिथे चर्च उभे राहिले आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना सुरू झाला. फादर मंडळी नवखी होती. दारात आलेल्या रोग्याची कहाणी त्यांना समजावी म्हणून पुन्हा गोन्सालोच.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्याचा माल जप्त झाला, संशय वाढला आणि डिसेंबरमध्ये क्योतो व ओसाका येथे धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोला कैद्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नंतर ऐन थंडीत सुमारे महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर बांधून भाल्यांनी ठार केले. आपल्या क्रूसाजवळ सर्वांत आधी गोन्सालो पोहोचले, अशी परंपरा आहे. ते तेव्हा चाळिशीचे होते.

त्या सव्वीसांत वीस जपानी होते. धर्मशिक्षक होते, दवाखान्यात राबणारे होते, बारा वर्षांचा लुईस इबाराकी होता. तीन येशूसंघीय होते : पॉल मिकी, जॉन गोतो आणि जेम्स किसाई. यांपैकी गोतो आणि किसाई हे येशूसंघीयांच्या घरी मदतनीस म्हणून वावरलेले. मृत्यूच्या तोंडाशी त्यांना संघात घेण्यात आले. ज्या दारावर गोन्सालो यांनी तरुणपणी वाट पाहिली, ते या दोघांसाठी टेकडीवर उघडले. त्यांच्याच रांगेत, फ्रान्सिस्कन झग्यात, गोन्सालो होते.

सर्वांना १६२७ मध्ये धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. विश्वव्यापी ख्रिस्तसभेच्या पंचांगात ६ फेब्रुवारीला संत पॉल मिकी आणि सोबती असा उल्लेख असतो. आपला माणूस त्या सोबत्यांत आहे. संतपदाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर स्मारक उभारण्यात आले. शिल्पकार फुनाकोशी यांनी सव्वीसही जणांना एकाच भिंतीवर खांद्याला खांदा लावून उभे केले आहे. कोण घरचा, कोण बाहेरचा, हे तिथे दिसत नाही.